चौकाला टॉकीजचं नाव राहिलं, टॉकीजचा इतिहास कुठंय?

प्रश्न : नमस्कार, मी कोल्हापूरचा, सध्या पुण्यात जॉबला असतो. परवा गावी रिक्षावाल्याला म्हटलं उमा टॉकीजला सोडा, तर माझं पोरगं विचारतंय, बाबा टॉकीज म्हणजे काय? मग वाटलं आपल्या जुन्या थेटरांचा इतिहास कुठं वाचायला मिळेल का? अजून एक, लहानपणी पिच्चर बघताना मधेच पडदा पिवळट व्हायचा आणि पब्लिक शिट्ट्या मारायचं, ते कशामुळं? माझे काका थेटरात पिच्चरचं मशीन चालवणारे ऑपरेटर होते, आता ८० च्या पुढं आहेत, पण त्यांना कधी विचारलंच नाही.
– एक वाचक

उत्तर : नमस्कार. आधी पोराला उत्तर देऊ. सुरुवातीला सिनेमे मुके होते, १४ मार्च १९३१ ला मुंबईत मॅजेस्टिक थेटरला 'आलम आरा' लागला आणि सिनेमा बोलायला लागला, असा बोलणारा सिनेमा म्हणजे टॉकी, तो जिथं लागतो ते टॉकीज. आणि पुढच्याच वर्षी, १९३२ ला, प्रभात फिल्म कंपनीचा 'अयोध्येचा राजा' आपल्या कोल्हापुरातच बनला हेही त्याला जरूर सांगा.

इतिहासाचं म्हणाल तर मला खरंच वाईट वाटतं. नाटकांचे पडदे रंगवणारे आनंदराव आणि बाबूराव पेंटर स्वतःचा कॅमेरा बनवायला बसले, आनंदराव १९१६ ला गेले, तरी बाबूरावांनी तो पुरा केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२० ला त्यांचा 'सैरंध्री' सिनेमा पुण्यात आर्यन थेटरला लागला, हे सगळं लिहिलेलं सापडतं. पण उमा, उषा, पद्मा, शाहू, रॉयल, लक्ष्मी, जिथं गावानं हजारो पिच्चर बघितले, तिथं तिकीट फाडणारा कोण, रिळांची पेटी कुठून यायची, पोस्टर कोण रंगवायचं, हे फार कमी लिहून ठेवलंय.

आता पिवळ्या पडद्याचं. जुन्या प्रोजेक्टरला बल्ब नसायचा हो, कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर, मधे जरा फट, त्यात ठिणगीसारखा लखलखीत उजेड पेटायचा. कांड्या जळत जायच्या, फट वाढायची, म्हणून ऑपरेटरनं नॉब फिरवत त्या जवळ आणत राहायचं, जरा दुसरीकडं लक्ष गेलं की उजेड मंद आणि खाली शिट्ट्या. मी लहान असताना आमच्या गावच्या टॉकीजच्या केबिनच्या दारात उभा राहून बघितलंय, आत भट्टीसारखी गरमी, ऑपरेटर बनियनवर, आणि काळ्या काचेच्या बारीक खिडकीतून डोळा त्या ज्योतीवर. २००० फुटांचं रीळ साधारण २०-२२ मिनिटात संपायचं, संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक ठिपका चमकायचा, तो दिसला की शेजारचा दुसरा प्रोजेक्टर चालू करायचा, काही सेकंदात दुसरा ठिपका आला की उजेड इकडून तिकडं, आणि खाली बसलेल्या माणसाला काही कळायचं नाही. तीन तासाच्या पिच्चरला हे आठ-नऊ वेळा, दिवसाला तीन-चार शो, म्हणजे काकांनी आयुष्यात किती वेळा केलं असेल बघा! पुढं कांड्यांच्या जागी झेनॉन गॅसचे लॅम्प आले, मग डिजिटल आलं आणि कांड्या, रिळं, ठिपका सगळंच गेलं.

कागदोपत्री शोधायचं तर दोन जागा सांगतो. थेटरांना लायसन जिल्हा प्रशासनाकडून लागायचं, १९५३ च्या कायद्याखाली, त्यामुळं कलेक्टर कचेरीत जुन्या फाइलींची चौकशी करा, त्यात सीटा किती, मालक कोण, मशीन कुठलं असं मिळू शकतं. दुसरं म्हणजे 'पुढारी', 'सत्यवादी' या वर्तमानपत्रांचे जुने अंक, त्यातल्या जाहिरातींवरून कुठल्या थेटरला काय लागलं ते कळतं. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचं आहे, तिथं विचारा.

पण हे सगळं नंतर. फाइली कुठं पळून जात नाहीत, काका आधी. येत्या सुट्टीत पोराला घेऊनच जा, मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून ठेवा आणि पहिला प्रश्न पगाराचा किंवा मालकाचा नको, कार्बन कुठला वापरायचा तेवढंच विचारा, पुढचं ते हातवारे करून सांगतील.