रंधा कुठून घ्यायचा ते नंतर बघू, आधी पॉलिसी परत करा

नाशिकहून एका वाचकांचं पत्र आलंय. वय 61, कारखान्यातून नुकतेच निवृत्त. पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून 42 लाख हातात आले. ईपीएसची पेन्शन 3 हजार, घरखर्च महिना 35 हजार, घर स्वतःचं, मुलगी बोस्टनला. प्रश्न सुतारकामाच्या हत्यारांचा आहे. अमेरिकेतून लाय-नील्सनचे दोन रंधे आणि पटाश्यांचा संच मागवायचा (सगळा खर्च धरून अडीच लाख), पुण्याला बोहरी आळीत जाऊन घ्यायचं, की जुन्या बाजारात शोधायचं? फर्निचर विकून महिन्याला 15-20 हजार सुटतील असा त्यांचा हिशोब आहे. आणि अगदी शेवटी, जाता जाता: ‘बँकेतल्या मॅडमनी एफडीसारखीच एक योजना दिली आहे. वर्षाला 6 लाख, 10 वर्षं भरायचे. पंधराव्या वर्षी 96 लाख, करमुक्त. पहिला हप्ता गेला, कागद मागच्या आठवड्यात आले. तो विषय मिटला आहे.’

मिटलेला नाही. हे उत्तर छापून येण्याआधीच मी तुम्हाला ईमेल केली आहे, कारण इथे दिवस मोजायचे आहेत.

ही एफडी नाही, विमा पॉलिसी आहे. सहा लाख दहा वर्षं म्हणजे 60 लाख. तुमच्याकडे होते 42, त्यातले 6 गेले. उरलेल्यातून दरवर्षी हप्ताही भरायचा आणि घरही चालवायचं, तर पाच हप्ते होईपर्यंत खात्यात खडखडाट. सहावा कुठून भरणार? ‘नंतर व्याजातून भरा’ असं तुम्हाला सांगितलं असेल. कुठल्या व्याजातून?

बरं, सगळे हप्ते भरलेच असं धरू. 60 चे 96 ऐकायला छान वाटतं, पण पैसे सरासरी साडेदहा वर्षं अडकतात, म्हणजे परतावा साडेचार टक्क्यांच्या आसपास. साधी एफडीसुद्धा याहून जास्त देते. शिवाय ‘करमुक्त’ही खोटं. 1 एप्रिल 2023 पासून घेतलेल्या अशा पॉलिसीचा वार्षिक हप्ता 5 लाखांच्या वर असेल, तर मुदतीअखेरच्या रकमेतल्या नफ्यावर कर लागतो. एकसष्टाव्या वर्षी माणसाला दहा हप्त्यांची पॉलिसी विकणाऱ्याला हे माहीत नसतं असं मला वाटत नाही.

सुटका आहे. कागद हातात पडल्यापासून 30 दिवसांत पॉलिसी परत करता येते, ‘फ्री लूक’ म्हणतात त्याला. तेवढ्या दिवसांच्या विम्याचा खर्च, मुद्रांक आणि वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचे पैसे कापून बाकी रक्कम मिळते. अर्ज थेट विमा कंपनीकडे लेखी द्या आणि पोच घ्या. बँकेत गेलात तर मॅडम चहा पाजतील, ‘साहेब सुट्टीवर आहेत, पुढच्या सोमवारी या’ म्हणतील, आणि असे दोन सोमवार गेले की तीस दिवस संपले. टाळाटाळ झालीच तर ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार करा.

पैसे परत आले की 30 लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत. सध्याच्या 8.2 टक्क्यांनी दर तिमाहीला 61,500. उरलेल्या 12 लाखांच्या एफडीचं व्याज आणि पेन्शन धरून महिना तीस हजार होतात. पाचेक हजार कमी पडतात, ते सुरुवातीला एफडीतून काढा. महागाईसाठी त्या बारातले चार-पाच लाख पुढेमागे म्युच्युअल फंडात न्यावे लागतील, ते सविस्तर परत कधीतरी. मेडिक्लेमबद्दल पत्रात एक शब्द नाही. तो आहे ना?

आता हत्यारं. लाय-नील्सनचा रंधा उत्तम असतो, त्यात वाद नाही. पण अडीच लाख म्हणजे वर्षाला सोळा-सतरा हजारांचं व्याज सोडणं, आणि तेही अजून एक स्टूल न बनवता. फर्निचरच्या मिळकतीच्या रकान्यात तूर्त शून्य लिहा. हातानं केलेल्या टेबलाला किती दिवस लागतात आणि गिऱ्हाईक किती द्यायला तयार असतं, हे पहिल्याच टेबलाला कळेल.

वीस हजार बाजूला काढा आणि बोहरी आळीत जा. मीही हौसेनं रंधा मारतो, म्हणून सांगतो. जालंधर-लुधियानाकडचा ओतीव लोखंडी चार नंबरचा, म्हणजे मध्यम मापाचा, रंधा घ्या. जाताना खिशात स्टीलची पट्टी ठेवा, दुकानातच ती तळाला उभी लावा आणि उजेडाकडे धरा. मधून उजेड दिसला तर दुसरा मागा. किंचित फरक असेल तर घरी जाड काचेवर पॉलिश पेपर चिकटवून तळ घासता येतो; एक रविवार जातो. पटाश्या तीनच घ्या: 6, 12 आणि 25 मिलिमीटर. उरलेले पैसे धारेच्या दगडावर घाला, तिथे काटकसर नको. धार नसेल तर अमेरिकन रंधाही लाकूड ओरबाडतोच.

जुन्या बाजारात इंग्लंडमधल्या शेफील्डची पटाशी मिळाली तर नशीब. वरचा गंज निघतो, पण पाठीला धारेजवळ खड्डे पडले असतील तर फुकटसुद्धा उचलू नका.

वर्षभरानंतरही रंधा हातात असेल, तर मुलगी येताना लाय-नील्सनचा एक घेऊन येऊ दे. एकच. आणि चेक-इनच्या बॅगेत ठेवायला सांगा, हातातल्या बॅगेत सापडला तर पात्यासकट बोस्टनलाच राहील.