वाचकांचे प्रश्न : पहिला फ्लॅश घेताना

प्रश्न : माझ्याकडे कॅनन ईओएस १५००डी कॅमेरा आणि त्यासोबत आलेली १८-५५ मिलिमीटरची लेन्स आहे. घरातली बारशी, साखरपुडे, मुंजी यांचे फोटो मीच काढतो. पण कॅमेऱ्यातल्या फ्लॅशने चेहरे पांढरेफटक येतात आणि मागच्या भिंतीवर काळी सावली उमटते. दहा हजारांच्या आसपास वेगळा फ्लॅश घ्यायचा विचार आहे. दुकानदार गॉडॉक्स टीटी६०० सुचवतात; तो स्वस्त आहे आणि त्याचा गाइड नंबर, म्हणजे ताकदीचा आकडा, ६० आहे. तो घ्यावा का? – एक वाचक, सातारा

उत्तर : टीटी६०० हा चांगला फ्लॅश आहे, पण तुमच्या कॅमेऱ्यासाठी तो घेऊ नका. कॅमेऱ्याच्या माथ्यावर फ्लॅश सरकवून बसवण्याची जी खाच असते, तिला हॉट शू म्हणतात. बहुतेक कॅमेऱ्यांच्या हॉट शूच्या मधोमध एक मोठा गोल धातूचा ठिपका असतो. शटर उघडताच फ्लॅश उडवण्याचा इशारा त्यातूनच जातो. कॅननने १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क टू या नवशिक्यांसाठीच्या गटातल्या कॅमेऱ्यांवर हा मधला ठिपका दिलेला नाही, फक्त कॅननच्या स्वतःच्या संदेशांसाठीचे लहान ठिपके ठेवले आहेत. टीटी६०० चे सगळे काम त्या एका मधल्या पिनवर चालत असल्याने तो तुमच्या कॅमेऱ्यावर बसेल, त्याचा दिवाही लागेल, पण फोटो काढताना तो उडणार नाही. हेच कॅमेरे आपल्याकडे नवशिके मोठ्या संख्येने घेतात, म्हणून फ्लॅश विकण्यापूर्वी दुकानदाराने ही गोष्ट सांगायलाच हवी, असे मला मनापासून वाटते.

तुम्हाला कॅननसाठीच बनवलेला टीटीएल फ्लॅश लागेल. गॉडॉक्सच्या टीटी६८५ टू या फ्लॅशच्या नावापुढे कॅननसाठी सी, निकॉनसाठी एन, सोनीसाठी एस असे अक्षर असते. खोक्यावरचे हे अक्षर वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. टीटीएलमध्ये फोटोच्या क्षणभर आधी फ्लॅश एक बारीक झोत टाकतो, परत आलेला प्रकाश कॅमेरा मोजतो आणि मुख्य झोत किती हवा ते ठरवतो. दागिने किंवा खाद्यपदार्थ यांसारख्या जागच्या जागी असणाऱ्या वस्तूंचे फोटो काढायचे असते, तर मॅन्युअल, म्हणजे ताकद हाताने ठरवायचा, फ्लॅशही पुरला असता, किंबहुना त्यावर प्रकाश अधिक चांगला शिकता येतो. पण समारंभात औक्षण करणारी आत्या हाताच्या अंतरावर असते आणि पुढच्याच क्षणी कोपऱ्यातल्या सोफ्यावरच्या आजोबांचा फोटो हवा असतो. तेवढ्यात हाताने आकडे बदलत बसलात तर प्रसंग निघून जातो. टीटीएलसाठी जे थोडे जास्त पैसे मोजावे लागतात, ते याचेच.

नवा फ्लॅश बजेटबाहेर जात असेल तर कॅननचा सेकंडहँड ४३०ईएक्स टू पाहावा. मुंबईला येणे-जाणे असेल तर फोर्टमधल्या बोरा बाजारात कॅमेऱ्यांची बरीच दुकाने आहेत. कॅमेरा सोबत न्यावा, फ्लॅश त्यावर चढवून पूर्ण ताकदीने आठ-दहा वेळा उडवून पाहावा, डोके सगळ्या बाजूंना फिरवून बघावे आणि बिल घ्यावे.

फ्लॅशचे डोके वर उचलता येणे आणि बाजूलाही वळवता येणे, ही माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची अट आहे. तुमच्या फोटोंतली काळी सावली फ्लॅश कमजोर असल्यामुळे पडत नाही. प्रकाशाचा लहानसा ठिपका लेन्सच्या अगदी जवळून सरळ चेहऱ्यावर येतो, म्हणून ती पडते. तोच झोत पांढऱ्या छतावर टाकला की छताचा मोठा तुकडा उजळतो आणि वरून पसरट, मऊ प्रकाश खाली उतरतो. कॅननचा छोटा २७०ईएक्स टू स्वस्तात मिळाला तरी त्याचे डोके फक्त वर उचलते, बाजूला वळत नाही. त्यामुळे कॅमेरा उभा धरला की झोत छताऐवजी बाजूच्या भिंतीकडे जातो.

छताचा आणि भिंतीचा रंग मात्र चेहऱ्यावर उतरतो. हिरव्या किंवा गुलाबी भिंतीवर झोत टाकू नये. जुन्या वाड्यातल्या लाकडी तक्तपोशीवरून प्रकाश जवळजवळ परतच येत नाही, आणि मांडवाचे लाल-पिवळे कापड गालांवर जो रंग चढवते, तो नंतर संगणकावरही नीट काढता येत नाही. अशा ठिकाणी पांढऱ्या कार्डशीटचा पोस्टकार्डाएवढा तुकडा रबरबँडने फ्लॅशच्या मागे उभा बांधावा, म्हणजे थोडा प्रकाश पुढे वळतो. प्लास्टिकचा टोपीसारखा डिफ्यूझर उघड्यावर विशेष काही करत नाही; त्याचा बराचसा प्रकाश आकाशात जातो.

गाइड नंबरला एफ-आकड्याने (लेन्सचे छिद्र किती उघडे आहे ते सांगणारा आकडा) भागले की आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) १०० ला प्रकाश किती मीटर पोचेल ते कळते. तुमच्या कॅमेऱ्यातल्या फ्लॅशचा गाइड नंबर साधारण ९ आहे, म्हणजे एफ ५.६ ला जेमतेम दीड मीटर. खोक्यावरचा ६० हा आकडा मात्र फ्लॅशचे डोके २०० मिलिमीटरच्या झूमवर असताना, प्रकाश अरुंद झोतात गोळा करून मोजलेला असतो. तुमच्या लेन्सच्या रुंद चित्रासाठी प्रकाश पसरवला की तो बराच खाली येतो, आणि छतावर आपटून आल्यावर आणखी घटतो. त्यामुळे घरात आयएसओ ४०० ते ८०० ठेवायला घाबरू नये. शटरचा वेग १/६० ते १/१२५ सेकंद ठेवला तर समईचा आणि माळांचा उजेडही चित्रात राहतो. १/२०० ही तुमच्या कॅमेऱ्याची फ्लॅशसाठीची सर्वसाधारण मर्यादा आहे.

सेलवर काटकसर करू नका. भिंतीवरच्या घड्याळाला लावतो ते सेल इथे निरुपयोगी आहेत. रिचार्ज होणारे निकेल मेटल हायड्राइडचे डबल-ए आकाराचे चार-चार सेलचे दोन संच घ्यावेत आणि नवे-जुने सेल एकत्र घालू नयेत.

प्रश्न : वडिलांचा फिल्मच्या काळातला फ्लॅश घरात आहे. तो माझ्या डिजिटल कॅमेऱ्यावर लावू का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : मोजल्याशिवाय लावू नका. त्या काळातल्या काही फ्लॅशच्या पायावर इशाऱ्याच्या जागी मोठा विद्युतदाब असतो. व्हिव्हिटार २८३ च्या सुरुवातीच्या काही नगांवर तो २०० व्होल्टच्या वर सापडतो, तर त्याच नावाच्या नंतरच्या नगांवर अगदी थोडा. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडून, फ्लॅश पूर्ण चार्ज करून, पायाची मधली पिन आणि बाजूची धातूची कड यांमधला दाब मल्टीमीटरने मोजून घ्यावा. तो ६ व्होल्टच्या आत असेल तर लावायला हरकत नाही; जास्त असेल तर कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेत दिलेली मर्यादा पाहावी आणि ती सापडली नाही तर कॅमेऱ्यावर चढवू नये. फ्लॅश स्वतः उघडून मात्र कधीही बघू नका, कारण आतल्या कपॅसिटरमध्ये सेल काढल्यानंतरही जीवघेणा दाब साठून राहू शकतो.