सातपुड्यातील पावसासाठी जॅकेट निवडताना
तोरणमाळच्या चढावर पावसाळ्यात चालायचे असेल, तर केवळ पाणी अडवणारे जॅकेट पुरत नाही. अंगाची वाफ बाहेर गेली नाही, तर पाऊस आत न शिरताही शर्ट घामाने चिंब होतो. म्हणून लेबलवर वॉटरप्रूफ क्षमता (कापड किती उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब न झिरपता सोसते ते) १०,००० मिलिमीटर आणि वाफ बाहेर सोडण्याची क्षमता चौरस मीटरमागे २४ तासांत १०,००० ग्रॅमच्या आसपास आहे का, हे पाहावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे जॅकेट उलटे करून प्रत्येक शिवणीवर पट्टी चिकटवलेली आहे ना, हे बोट फिरवून तपासावे, कारण सुईच्या छिद्रांतूनही पाणी झिरपते. आपल्याकडच्या दमट उकाड्यात कोणतेही कापड एकट्याने पुरे पडत नाही. म्हणून हवा खेळती राहण्यासाठी काखेत चेन असलेलेच जॅकेट घ्यावे, असा माझा आग्रह आहे. धुताना फॅब्रिक सॉफ्टनर कटाक्षाने टाळावे.