स्टेशनचे घड्याळ आणि गावची वेळ

प्रश्न : आमच्या पणजोबांच्या जमाखर्चाच्या वहीत गाडीच्या वेळेपुढे ‘रेल्वे टाइम’ असे आवर्जून लिहिलेले आहे. तेव्हा स्टेशनची वेळ आणि गावची वेळ खरोखरच वेगळी होती का? (एक वाचक, परभणी)

उत्तर : होय, वेगळी होती. गावचे दैनंदिन व्यवहार सूर्यावर चालत. मध्यान्ह झाली की बारा वाजले, एवढा हिशेब पुरे असे. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात, म्हणून पूर्वेकडच्या गावी मध्यान्ह आधी होते. हैदराबाद–मनमाड मार्गाच्या दोन टोकांमध्येच सुमारे १६ मिनिटांचे अंतर पडते, आणि प्रत्येक स्टेशन आपापल्या सूर्यावर चालले असते तर वेळापत्रक छापणेच अशक्य झाले असते. त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतातील बहुतेक रेल्वेंनी मद्रासची वेळ स्वीकारली. ती परभणीच्या स्थानिक वेळेपेक्षा सुमारे १४ मिनिटे पुढे होती. १९०६ मध्ये ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर आधारलेली भारतीय प्रमाण वेळ लागू झाली आणि हे अंतर २३ मिनिटांवर गेले; मुंबईने मात्र आपली ३९ मिनिटे मागची वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. गावच्या वेळेवर विसंबून घरून निघालेल्या माणसाची गाडी चुकणार हे उघड होते, तेव्हा पणजोबांची नोंद व्यवहारी म्हटली पाहिजे. हे अंतर आजही आहेच, फक्त आपल्याला ते जाणवत नाही : मुंबईसाठी छापलेल्या पंचांगातील सूर्योदय परभणीला साधारण पंधरा मिनिटे आधी होऊन गेलेला असतो.

प्रश्न : लिलावात घेतलेले लंबकाचे जुने घड्याळ थंडीत बिनचूक चालते, मे महिन्यात मात्र आठवड्याला मिनिटभर मागे पडते. हा बिघाड समजावा का? (एक वाचक, जालना)

उत्तर : बिघाड नाही; आपल्याकडच्या उन्हाळ्याचा तो परिणाम आहे. लंबकाची दांडी पोलादी असल्यास उष्णतेने ती किंचित लांबते, आणि लांब लंबक संथ हलतो. तापमान २० अंश सेल्सियसने वाढले तर असे घड्याळ दिवसाला सुमारे १० सेकंद, म्हणजे आठवड्याला मिनिटाहून थोडे अधिक मागे पडते. लाकडी दांडी पोलादापेक्षा कमी प्रसरण पावते, म्हणून जुने कारागीर तिला पसंती देत.

रेल्वेने या दोषावर घड्याळात नव्हे, तर कामकाजात उपाय शोधला. रोज १६.०० वाजता प्रमाण वेळ मुख्य स्टेशनांना कळवावी असा रेल्वेच्या सामान्य नियमांत दंडकच आहे. स्टेशनचे घड्याळ त्यानुसार लावायचे आणि गाडी सुटण्याआधी गार्डाने आपले घड्याळ त्याच्याशी जुळवून घ्यायचे. दहा सेकंदांची चूक दुसऱ्या दिवशी पुढे जातच नसे.

आपण लंबकाच्या गोळ्याखालची चकती एप्रिलमध्ये थोडी वर फिरवावी. सेकंदाला एक झोका घेणारा लंबक सुमारे एक मीटर लांब असतो आणि त्याला एक मिलिमीटरचा फरकही दिवसाला ४३ सेकंदांचा पडतो, त्यामुळे हात अगदी हलका ठेवावा. चकती किती फिरवली त्याची नोंद घड्याळाच्या दाराच्या आतल्या बाजूस करून ठेवावी, म्हणजे थंडी सुरू झाली की ती तेवढीच उलट फिरवता येईल.