मुलगा रोज तीन ग्लास म्हशीचं दूध पितो, तरी हिमोग्लोबिन ९.४ कसं?

(विचारलेलं थोडक्यात: पलूस तालुका, घरात चौघं. मुलगा ६ वर्षांचा, हिमोग्लोबिन ९.४. सकाळी चहा-चपाती, शाळेत जाताना दूध, डब्याला चपाती-बटाटा, दुपारी वरण-भात, चारला दूध-बिस्किट, रात्री भाजीवरून रडारड आणि झोपताना पुन्हा दूध. नवऱ्याचं एचबीए१सी (मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ६.१. सासूबाई म्हणतात, "आमची पोरं चहा-चपातीवरच वाढली." दोघांना एकच स्वयंपाक चालेल का?)

ताई, प्रश्नातला 'तरी' काढून तिथं 'म्हणून' घाला. निम्मं उत्तर तिथंच आहे.

मी मिरजेत आहारसल्ल्याचं काम करते. 'दूध पितोय ना, मग काळजी नाही' या वाक्याशी माझं जुनं वैर आहे, त्यामुळे हे जरा लांबणार. आधी हिशेब बघा. साय न काढलेल्या म्हशीच्या दुधाचे तीन ग्लास म्हणजे ७५० मिली. त्यात ८०० च्या आसपास कॅलरी. आयसीएमआर या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या २०२० च्या तक्त्यात ४ ते ६ वर्षांच्या मुलाची दिवसाची गरज १३६० कॅलरी धरलीय. म्हणजे निम्म्याहून जास्त पोट दुधानंच भरलं. साखर आणि चॉकलेटची पावडर घालत असाल तर त्याहून जास्त. आणि एवढ्या दुधात लोह किती? जेमतेम एक मिलिग्रॅम. त्याला हवं दिवसाला ११. वर दुधातलं कॅल्शियम पोटातल्या बाकीच्या अन्नातलं लोह शोषू देत नाही. रात्री भाजीवरून होते ती रडारड हट्टाची कमी आणि भरल्या पोटाची जास्त. चारला दूध-बिस्किट खाल्लेल्या पोराला आठ वाजता मेथी कशी गोड लागणार?

सकाळची चहा-चपाती तर दोन्हीकडून घात करते. चपातीत थोडंफार लोह असतं, ते चहातलं टॅनिन धरून ठेवतं. चहात गूळ घातला म्हणून फरक पडत नाही. गुळाचं एवढं कौतुक चालतं, पण १० ग्रॅमच्या खड्यात लोह अर्धा मिलिग्रॅमच्या आसपास, बाकी साखरच. बेदाण्याचंही तेच. तासगावचा बेदाणा मलाही आवडतो, पण त्याचं निम्म्याहून जास्त वजन साखरेचं असतं. मुलाला दहा-बारा दाणे ठीक. 'रक्त वाढतं' म्हणून मूठभर देऊ नका, दातांचं नुकसान वेगळंच.

आता करायचं काय? रतीब कमी करा. मुलाला दिवसाला ४०० मिली दूध पुरे, दोन लहान पेले. एक शाळेतून आल्यावर, एक झोपताना, जेवणाच्या ताटाला चिकटून एकही नाही. चहा पूर्ण बंद. पहिले चार-पाच दिवस तो उपाशी राहिल्यासारखा वागेल, मग ताटातलं खायला लागेल. याच चार दिवसांत घरातलं कुणीतरी कळवळून ग्लास पुढं करतं आणि सगळं मुसळ केरात जातं.

ताटात काय वाढायचं, यासाठी सुपरफूड शोधायला पुण्याला जायला नको. शंभर ग्रॅम मटकीत आणि हुलग्यात लोह ८ मिलिग्रॅमच्या आसपास, बाजरीत ६ च्या वर, ज्वारीत ४. पालक एवढा गाजतो, तो ३ वर अडतो. माठ आणि मेथी त्याच्या पुढं. मटकी रात्रभर भिजवून दीड दिवस मोड आणा, त्यानं लोह अडवणारं फायटेट कमी होतं. हुलग्याचं माडगं मुलं आवडीनं पितात, पातळ करा आणि तिखट बेताचं टाका. कोरेगावकडचा वाघ्या घेवडा मिळाला तर तोही चालेल, फक्त भिजवून मऊ शिजवा, अर्धवट शिजला की पोट दुखतं.

पण शाकाहारी ताटातलं लोह शंभरातलं पाच-दहा भागच अंगी लागतं. ते वाढवायला आंबट पाहिजे. उसळीवर लिंबू पिळायचं ते ताटात वाढल्यावर. फोडणीत पिळलं की उष्णतेनं क जीवनसत्त्व बरंचसं जातं. डब्यात बटाट्याच्या जोडीला अर्धा पेरू द्या, त्याची दिवसाची क जीवनसत्त्वाची गरज तेवढ्यात भागते.

कढईचंही सांगते, कारण तिथं हमखास चूक होते. आमटी कुकरला शिजवली तरी फोडणी लोखंडी कढईत द्या आणि चिंच किंवा आमसूल घालून दहा मिनिटं उकळू द्या. आंबटामुळे लोखंड आमटीत उतरतं. गॅस बंद केला की लगेच स्टीलच्या भांड्यात काढा. कढईतच राहू दिलं तर आमटी काळी पडते, लोखंडाची चव येते, आणि पोरगं त्या आमटीला कायमचं नाक मुरडतं. कढई धुतली की कोरडी पुसून तेलाचं बोट फिरवून ठेवा. नॉनस्टिक किंवा मुलामा दिलेल्या कढईतून काही उतरत नाही.

मांसाहार चालत असेल तर आठवड्यातून एकदा मटणाबरोबर कलेजीचे दोन तुकडे द्या. मांसातलं लोह कितीतरी चांगलं शोषलं जातं. अंडं रोज द्या, पण प्रथिनासाठी. रक्तासाठी अंड्याच्या भरवशावर राहू नका. आणि अंडं 'उष्ण पडतं' हे कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या.

इतकं करूनही ९.४ चं हिमोग्लोबिन नुसत्या जेवणानं भरून येत नाही, हे स्पष्ट सांगते. पाच ते अकरा वर्षांच्या मुलांना ११.५ च्या खाली रक्तक्षय धरतात, आणि ८ ते १०.९ म्हणजे मध्यम. औषध लागणारच. शाळेत आठवड्याला मिळते ती गुलाबी गोळी ४५ मिलिग्रॅम लोहाची, ती रक्तक्षय होऊ नये म्हणून असते. झालेला त्या एका गोळीनं बरा होत नाही. डॉक्टर वजनावर डोस ठरवतात, साधारण किलोमागे दिवसाला ३ मिलिग्रॅम. बाटलीवर 'एलिमेंटल आयर्न' (म्हणजे प्रत्यक्ष लोह) किती लिहिलंय तोच आकडा धरायचा, वरचा मोठा आकडा लोहाच्या क्षाराचा, म्हणजे अख्ख्या संयुगाचा असतो. सिरप दुधातून देऊ नका (निम्मी घरं हेच करतात), जेवणाआधी तासभर लिंबाच्या पाण्याबरोबर द्या. मळमळलं तर जेवणानंतर चालेल. शी काळी होईल, घाबरून बंद करू नका. दात काळे पडू नयेत म्हणून जिभेच्या मागं ओता आणि चूळ भरायला लावा. बाटली वरच्या फळीवर ठेवा, गोड म्हणून पोरगं आख्खी प्यायलं तर जिवावर बेततं.

महिन्यानं पुन्हा तपासा. साधारण एक ग्रॅम वाढलं पाहिजे. आकडा नीट झाल्यावरही दोन-तीन महिने औषध चालू ठेवायचं, म्हणजे साठा भरतो. वाढलंच नाही तर थॅलेसेमिया मायनर (आईवडिलांकडून येणारा हिमोग्लोबिनचा सौम्य दोष) आहे का ते बघायला एचपीएलसी ही रक्ताची तपासणी करा. जंताचं औषध मिळालंय ना? १० फेब्रुवारीला शाळेत अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी देतात, ती चावून खायची. माती, खडू, भिंतीचे पोपडे खातो का, हेही बघा.

सासूबाईंना सांगा, तुमच्या पोरांचं हिमोग्लोबिन तेव्हा तपासलं कुणी होतं? शिवाय ती पोरं चहा-चपातीनंतर दुपारी बाजरीची भाकरी आणि माडगंही खात होती. ते ताटातून गेलं, चहा तेवढा राहिला.

नवऱ्याचं थोडक्यात. ६.१ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. एकच स्वयंपाक चालतो, फरक वाढण्यात करा. मुलाच्या भाकरीवर तूप. नवऱ्याची भाकरी एकानं कमी आणि उसळ दुप्पट, आधी उसळ-भाजी, मग भाकरी. भाकरी ज्वारीची आहे म्हणून चार चालत नाहीत, एका भाकरीत २०० च्या वर कॅलरी असतातच. जेवण आठच्या आत, नंतर पंधरा मिनिटं चालणं. उसाच्या रसाच्या एका ग्लासात सहा-सात चमचे साखर सहज असते, तो बंद. गूळ साखरेतच मोजा. किराण्याची यादी काढा: चौघांना महिन्याला तेल अडीच लिटर, मीठ जेमतेम ६०० ग्रॅम, साखर-गूळ मिळून अडीच किलो, याहून जास्त येत असेल तर गळती तिथं आहे. एक मात्र लक्षात ठेवा, अंगात लोह कमी असलं की एचबीए१सी खोटं जास्त दिसू शकतं, म्हणून उपाशीपोटीची साखर आणि हिमोग्लोबिनही करून घ्या.

आणि ताई, मुलाचा आकडा दिलात, नवऱ्याचा दिलात, तुमचा कुठाय? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. तुमची लोहाची गरज दिवसाला २९ मिलिग्रॅम, नवऱ्याची १९. तरी उसळ आधी त्याला, मग पोराला, आणि तुम्हाला तळाचा रस्सा. सगळ्यांचं झाल्यावर जेवायचं आणि वर लगेच कपभर चहा, असंच चाललं असणार. बायकांनी शेवटी जेवायचं या रीतीवर मी घरोघरी वाद घालून थकलेय, इथंही घालते. चौघांची ताटं एकदम वाढा, चहा जेवणानंतर दीड तासानं घ्या, आणि मुलाचं रक्त पुन्हा तपासायला न्याल त्याच दिवशी स्वतःचंही द्या.