अमेरिकेत मध्यावधी निवडणुकीत राष्ट्राध्यक्षांच्या पक्षाच्या जागा दरवेळी घटतात का?

दरवेळी नाही, पण जवळजवळ दरवेळी. १९३० नंतरचे प्रतिनिधीगृहाचे (अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहाचे) निकाल पाहिले, तर राष्ट्राध्यक्षांच्या पक्षाच्या जागा वाढल्या त्या फक्त तीनदा: १९३४, १९९८ आणि २००२. १९३४ मध्ये महामंदीतले मतदार रूझवेल्ट यांच्या पाठीशी होते, १९९८ मध्ये क्लिंटन यांच्यावरच्या महाभियोगाची खटपट विरोधकांच्याच अंगाशी आली, तर २००२ मध्ये ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर देश बुश यांच्यामागे उभा होता. एरवी सत्ताधारी आपटतातच. १९९४ मध्ये क्लिंटन यांच्या पक्षाने पन्नासहून जास्त जागा आणि सलग ४० वर्षांचं बहुमत गमावलं. २०१० मध्ये ओबामांच्या पक्षाच्या साठहून अधिक जागा गेल्या.

याचं मोठं कारण म्हणजे मतदार बदलतो. अध्यक्षपदाच्या वर्षी साधारण ६० टक्के मतदान होतं, २०१४ च्या मध्यावधीत ते ४० टक्क्यांच्याही खाली होतं. समाधानी माणूस घरी बसतो, चिडलेला मात्र रांगेत उभा राहतो. (आपल्याकडे सरकार पडलं की ‘मध्यावधी’ होते, तिथे ती ठरल्याप्रमाणे दर चार वर्षांच्या मध्यावर येतेच.)

एक मात्र लक्षात घ्या, हा नियम सिनेटला, म्हणजे वरिष्ठ सभागृहाला, तितकासा लागू होत नाही. तिथे एका वेळी साधारण एक तृतीयांश जागाच लढवल्या जातात, त्यामुळे त्या वर्षी कोणत्या राज्यांची पाळी आहे यावर बरंच ठरतं. २०१८ मध्ये ट्रम्प यांच्या पक्षाने प्रतिनिधीगृह गमावलं, पण सिनेटमध्ये त्यांच्या जागा वाढल्या.