ट्वेंटी-वनमधली रेघ

प्रश्न नाशिकच्या इंदिरानगरमधून आला आहे. विचारणारे एका पतसंस्थेत पावत्या लिहितात. ‘अक्षरी रुपये’च्या पुढे इंग्रजीत रक्कम लिहिताना हायफन नेमका कुठे द्यायचा, ट्वेंटी आणि वनच्या मध्ये की वन आणि हंड्रेडच्याही मध्ये, हे त्यांना जाणून घ्यायचं आहे.

उत्तर सोपं आहे. एकवीसपासून नव्याण्णवपर्यंत जिथे दशक आणि एकक असे दोन शब्द शेजारी येतात तिथेच हायफन: ट्वेंटी-वन, फॉर्टी-सिक्स, नाइन्टी-नाइन. हंड्रेड, थाउजंड, लाख यांच्या आगेमागे काही नाही. म्हणजे ‘थ्री लाख फॉर्टी-टू थाउजंड वन हंड्रेड अँड सिक्स’, यात रेघ एकच. क्रमवाचकातही हाच नियम, ट्वेंटी-फिफ्थ. आणि आपल्याकडे काय दिसतं? लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर ‘ट्वेंटी फिफ्थ’ सुटंसुटं आणि आहेराच्या पाकिटावर ‘वन-हंड्रेड-वन’. हवी तिथे रेघ नाही, नको तिथे दोन! हे पाहून माझा जीव खरोखर तुटतो. पुरावा हवा असेल तर खिशातली नोट काढा. आपल्या नाशिकरोडला १९२८ पासून नोटा छापल्या जातात. पाचशेच्या नोटेवर ‘फाइव्ह हंड्रेड रुपीज’ हे तीन शब्द मोकळे उभे आहेत.

आता हायफन या शब्दाकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. मूळ ग्रीक, ‘हुपो’ आणि ‘हेन’ मिळून झालेला. हुपो म्हणजे खाली, हेन म्हणजे एक. दोन शब्द ‘एकाखाली’ आणायचे, एक म्हणून वाचायचे. प्राचीन ग्रीक लिखाणात ही खूण दोन शब्दांच्या मध्ये नसून खालच्या बाजूला असे, धनुकलीसारखी वाकडी. यातला हुपो म्हणजे आपल्या ‘उप’चा सख्खा भाऊ. आणि हेन? मूळचा ‘स’ ग्रीकमध्ये शब्दारंभी ‘ह’ होतो, म्हणून आपलं सप्त तिकडे हेप्टा. त्याच वाटेने मागे गेलं की हेनच्या जागी ‘सेम्’ मिळतो, आणि त्याच मुळातून संस्कृतातला ‘सम्’ आला. समास, संधी, संयोग यांतला तोच हा सम्! शाळेच्या व्याकरणात हायफनला संयोगचिन्ह म्हणतात. ज्याने हे नाव दिलं त्याच्या मनात हे नातं असो वा नसो, हायफनमधला हेन आणि संयोगातला सम् एकाच घरचे आहेत. याहून नेमकं भाषांतर मला माहीत नाही.

मग जोडण्यासाठी जन्मलेली ही खूण आपल्या हातून उलटी का पडते? इंग्रजी शिकवणारे बरेच जण म्हणतात, निव्वळ निष्काळजीपणा. मला हे मुळीच मान्य नाही. निष्काळजी माणूस रेघ गाळेल, नसलेल्या जागी मुद्दाम ओढणार नाही. कारण मराठीत आहे. दोन-तीन, दहा-बारा, वीस-पंचवीस, पाच-पन्नास हे शब्द पाहा. मराठीत संख्यांच्या मधली रेघ म्हणजे ‘किंवा’, ‘सुमारे’. पावतीवर पैशापैशाचा हिशेब नेमका लिहायचा असताना अंदाजाची खूण द्यायला हात धजत नाही, म्हणून ‘ट्वेंटी वन’ सुटं राहतं. आणि शंभराचं म्हणाल तर आपण एकशे, दोनशे, पाचशे हे अखंड लिहितो. तीच सवय इंग्रजीत उतरते आणि ‘वन-हंड्रेड’ चिकटतं. दोन्ही चुका एकाच खुलाशात बसतात. निष्काळजीपणाच्या आरोपाने एकही नीट समजत नाही.

मराठीला स्वतःला ही रेघ कधी लागलीच नाही. चतुर्विंशतीचा चोवीस झाला, एकोनविंशतीचा, म्हणजे एकाने उणे वीसचा, एकोणीस झाला. शब्द घासून घासून एकजीव झाले. पंचवटीला कोणी मध्ये रेघ देतं का? जुन्या इंग्रजीतही एकक आधी येई, ‘फोर अँड ट्वेंटी’, अगदी चोवीसच्या क्रमाने. पुढे क्रम उलटला, ‘अँड’ गळाला, आणि दोन शब्द शेजारी उघडे पडले. ती फट भरायला हायफन आला, असं मी मानतो.

याच कारणाने २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसबरोबर ‘वीस एक’ आलं तेव्हा मी अस्वस्थ झालो. जोडाक्षरं मुलांना जड जातात, अंक ज्या क्रमाने लिहायचे त्या क्रमाने बोलले की सोपं, ही समितीची बाजू मी समजू शकतो. पण समितीने मराठीचा कान विचारात घेतला नाही. ‘वीसेक माणसं होती’ असं आपण रोज बोलतो, त्याचा अर्थ सुमारे वीस. वीस एक आणि वीसेक यांत अंतर ते किती? मुलाने बाजारात ‘वीस एक लिंबं द्या’ म्हटलं तर भाजीवाली अठराही देईल, बावीसही देईल, आणि तिचं काही चुकणार नाही. इंग्रजीने दशक आधी आणलं तेव्हा जोडायला रेघ ठेवली. आपण क्रम उचलला आणि ती रेघ तिकडेच राहू दिली.

वीसेकला इंग्रजीत ‘ट्वेंटी-ऑड’ म्हणतात, आणि तिथे हायफन अत्यावश्यक. तो काढला तर ‘ट्वेंटी ऑड पीपल’ म्हणजे वीस विचित्र माणसं. नाण्यांचंही तसंच: ‘ट्वेंटी फाइव्ह-रुपी कॉइन्स’ म्हणजे पाचाची वीस नाणी, शंभर रुपये. रेघ एक शब्द अलीकडे सरकवून ‘ट्वेंटी-फाइव्ह रुपी कॉइन्स’ लिहा, की पंचवीसच रुपये उरतात.

पतसंस्थेतल्या त्या गृहस्थांना शेवटी एवढंच सांगतो. १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १८ प्रमाणे धनादेशावर आकडा आणि अक्षरं जुळत नसतील तर अक्षरी रक्कम खरी धरतात. तेव्हा अक्षरं जपून लिहा, हायफनसकट. अपूर्णांक कधी आलाच तर ‘टू-थर्ड्स’ जोडून लिहा.